साडेतीन तासांचा फरक आणि एकवीस किलोमीटर

बर्लिनमधली पहिली रात्र. एक वाजता मी टक्क जागी. पुण्यात रोज साडेचारला उठून तळजाईवर पळायला जाणारी मी, शरीराच्या हिशेबाने साडेचारच वाजले होते. एप्रिलमध्ये बर्लिन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हे मला पाठ होतं, पण पाठ असून झोप येत नाही. छताकडे बघत पडल्या पडल्या लक्षात आलं, की तीन महिने मी पायांची तयारी केली, घड्याळाची केलीच नाही.

परदेशात पहिल्यांदा हाफ मॅरेथॉन पळायला निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. पळायचं कसं, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. अंतर सगळीकडे तेच, २१.०९७५ किलोमीटर. नवख्या माणसाची रेस बिघडते ती आदल्या दोन दिवसांत आणि सुरुवातीआधीच्या दोन तासांत. म्हणून इथे जास्त शाई त्यावरच खर्च केली आहे. उदाहरण बर्लिनचं, कारण तिथे मी पळले आहे. शहर दुसरं असेल तर तपशील बदलतील, प्रश्न तेच राहतील.

एक अट आधीच सांगते. आयुष्यातली पहिलीच हाफ परदेशात करू नका. आपल्याकडे एखादी तरी पूर्ण करा. एकाच दिवशी अंतरही नवीन आणि गावही नवीन, हे फार होतं.

शहर कोणतं?

फोटो बघून ठरवू नका, तीन गोष्टी बघून ठरवा.

पहिली, चढ. मुंबईची हाफ पळलेल्यांना पेडर रोड आठवत असेल. बर्लिनच्या मार्गावर पेडर रोड नाही. शहर सपाट आहे, म्हणूनच तिथे वेगाचे विक्रम होतात. २०१८ मध्ये केनियाच्या एरिक किप्तानुईने याच हाफमध्ये ५८ मिनिटं ४२ सेकंदांची वेळ दिली होती. आपल्याला त्याच्याशी काय करायचंय, पण जो रस्ता त्याला सपाट तोच आपल्यालाही.

दुसरी, सुरुवात आणि शेवट एकाच जागी आहेत का. इंग्लंडमधली ग्रेट नॉर्थ रन न्यूकॅसलला सुटते आणि साउथ शील्ड्सला समुद्रकाठी संपते. सुंदर असेल, पण दमल्या पायांनी परक्या देशात परतीची गाडी शोधणं पहिल्या खेपेला नको. बर्लिनला सुरुवात आणि शेवट दोन्ही ब्रांडेनबुर्ग गेटजवळच्या एकाच लांबलचक रस्त्यावर आहेत.

तिसरी, कागद. इटलीत स्पर्धेसाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र मागत आले आहेत. फ्रान्समध्ये २०२४ पासून प्रमाणपत्राऐवजी आरोग्याविषयीचा एक छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचा क्रमांक द्यावा लागतो. जर्मनीत यातलं काही मागत नाहीत. नोंदणी करतानाच हे वाचून घ्या, नाहीतर बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायच्या टेबलावर कळतं आणि तिथे कुणी ऐकून घेत नाही.

नोंदणी आणि व्हिसा

आधी नोंदणी, मग व्हिसा, मग विमान. नोंदणी मिळाली म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही, आणि मोठ्या रेसमध्ये बिब दुसऱ्याच्या नावावर करता येईलच असंही नाही. त्यामुळे परताव्याचे आणि पुढच्या वर्षावर ढकलण्याचे नियम पैसे भरण्याआधी वाचा.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्या माणसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा लागतो. विम्याच्या बारीक अक्षरांत 'स्पर्धात्मक खेळ वगळून' असं काही आहे का ते पाहा. माझ्या पहिल्या पॉलिसीत होतं, मी बदलून घेतली. नोंदणीची पावती अर्जाला जोडा आणि पत्रात सरळ लिहा, की पळायला जाते आहे.

सरावात काय बदलायचं

दहा किलोमीटर आरामात पळत असाल तर बारा ते चौदा आठवडे पुरतात. आठवड्यात चार दिवस, त्यातला रविवार लाँग रनचा, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेचा. तो हळूहळू १८ किलोमीटरपर्यंत न्यायचा आणि शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करत आणायचं. हे सगळं तुमचा ग्रुप किंवा कोच सांगेलच. पण तीन गोष्टी आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही.

आपण उपाशीपोटी पळणारी माणसं. मुंबईची हाफ पहाटे पाचच्या सुमाराला सुटते. उठायचं, केळं नाहीतर दोन खजूर, आणि निघायचं. बर्लिनची हाफ सकाळी दहाच्या सुमाराला सुटते, आणि मागच्या गटात असाल तर तुमचा नंबर त्याहून बराच उशिरा. रात्री आठला जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी साडेदहाला उपाशी पळाला तर पंधराव्या किलोमीटरला त्याचे दिवे जातात. तेव्हा सरावातल्या निदान तीन लाँग रन नाश्ता करून, अडीच-तीन तास थांबून करा. पुण्यात फेब्रुवारीत दहाला पळणं म्हणजे उन्हात भाजून घेणं. मी चारला उठून पोहे खाल्ले आणि सातला निघाले. घरच्यांनी वेड्यात काढलं. पण पोह्यांवर पळताना पोटात काय होतं ते तळजाईवर कळलेलं बरं, बर्लिनमध्ये नको.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हातात छोटी बाटली देतात. तिथे टेबलावर उघडे पेले मांडलेले असतात. धावता धावता पेला तोंडाला लावला की निम्मं पाणी नाकात. पेल्याची कड दोन बोटांनी चिमटायची, म्हणजे चोच होते, आणि चोचीतून घोट घोट घ्यायचं. घरात कागदी पेले असतील तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार वेळा करून बघा. वॉचमन बघेल, बघू दे.

तिसरी, थंडी. पुण्याची जानेवारीतली पहाट ही एप्रिलमधल्या बर्लिनच्या सकाळच्या जवळ जाते, म्हणून जे कपडे तिथे घालणार ते जानेवारीत घालून पळा. पाच-सात अंश ऐकून आपण घाबरतो आणि जॅकेट चढवतो. पळायला लागल्यावर तिसऱ्या किलोमीटरला तेच जॅकेट कमरेला बांधलेलं असतं आणि पुढचे अठरा किलोमीटर ते फटके मारत राहतं. लांब बाह्यांचा एक पातळ टीशर्ट, पातळ हातमोजे, कान झाकणारी पट्टी. बास.

बॅग

रेसचे बूट, मोजे, शॉर्ट्स, घड्याळ आणि त्याचा चार्जर केबिन बॅगेत. पुण्याहून किंवा मुंबईहून बर्लिनला जाताना मध्ये कुठेतरी विमान बदलावं लागतं आणि सामान मागे राहण्याची जागा तीच. बाकी कपडे तिथे मिळतील, सहा महिने पायात मुरलेले बूट मिळणार नाहीत. एनर्जी जेल मात्र द्रवात मोजतात. केबिनमधून न्यायची तर शंभर मिलिलिटरच्या नियमात, पारदर्शक पिशवीत. बरीच असतील तर चेक-इनमध्ये टाका.

खाऊच्या बाबतीत आई-सासूबाईंशी एकदा बसून बोला. युरोपीय संघाबाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तुपाचा डबा, सगळं त्यात आलं. गुळाची चिक्की, खाकरे, खजूर, गरम पाणी घालून होणारे पोहे चालतात. आणि पोहे नेणार असाल तर हॉटेलला आधी विचारा, खोलीत किटली आहे का. तिकडच्या पुष्कळ हॉटेलांत नसते. मी रिसेप्शनवर रोज सकाळी डबा पुढे करून गरम पाणी मागत होते, दुसऱ्या दिवसापासून त्या बाईंनी न विचारता द्यायला सुरुवात केली.

पेट्रोलियम जेलीची डबी विसरू नका. काखेत आणि मांड्यांत घासतं म्हणून आपण लावतोच, पण तिथे ओठांना आणि नाकालाही लागते, कारण हवा कोरडी. नेहमीची औषधंही इथूनच न्या. जर्मनीत साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा औषधांच्या दुकानातच मिळते आणि रविवारी मोजकी दुकानंच पाळीने उघडी असतात.

गुरुवार ते शनिवार

रविवारची रेस असेल तर गुरुवारी पोचा, फार तर शुक्रवारी सकाळी. पश्चिमेकडे जाताना आपल्याला संध्याकाळी लवकर झोप येते आणि पहाटे लवकर जाग. त्यात एक फायदा आहे. रेसच्या सकाळी गजर लागायच्या आत तुम्ही उठलेले असता. तोटा असा, की मधले दोन दिवस रात्री एकला उठलात तर झोपेची उधारी साचते. पोचल्या दिवशी दुपारी झोपू नका, उजेडात चालत राहा आणि रात्री दहापर्यंत कसंही करून डोळे उघडे ठेवा. मी सात वाजता आडवी झाले. एक वाजता काय झालं ते वर सांगितलंच आहे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास पुढे जातात. तुमची रेस त्याच रविवारी असेल तर त्या रात्री एक तास झोप कमी मिळणार. फोन आपोआप बदलतो, हॉटेलच्या टेबलावरचं घड्याळ बदलत नाही.

बिब शुक्रवारीच आणून टाका, शनिवारी गर्दी फार. पासपोर्ट लागतो. मी गेले त्या वर्षी एक्स्पो, म्हणजे बिब वाटपाचा आणि दुकानांचा मेळा, टेम्पलहोफला होता. हा जुना विमानतळ २००८ मध्ये बंद झाला. १९४८-४९ मध्ये पश्चिम बर्लिनची रस्त्यांची आणि रेल्वेची वाट अडवली गेली, तेव्हा विमानांनी धान्य-कोळसा उतरवला तो इथेही. आता त्याच्या धावपट्टीवर लोक सायकली आणि पतंग घेऊन येतात. एक्स्पोतून लवकर बाहेर पडा. नवे बूट, नवी जेल, नवे मोजे यांतलं काहीही रेससाठी विकत घेऊ नका. त्याऐवजी शनिवारी सकाळी बूट चढवून त्या धावपट्टीवर चार किलोमीटर हळू पळा. अवाढव्य मोकळं मैदान, सरळ रेष आणि समोरून येणारा वारा. तो वारा अंगावर घेतला तेव्हा मला कळलं, की हातमोजे आणले हे बरं केलं.

मेट्रोचं कागदी तिकीट काढलंत तर फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो. नवखे आहात म्हणून सोडत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात. थोडी नाही, जवळजवळ सगळी. केळी, ब्रेड, पाणी, रेसनंतर खायचं जे काही असेल ते शनिवारी संध्याकाळच्या आत घ्या. मी 'सकाळी घेऊ की ताजी केळी' म्हणत राहिले आणि रविवारी साडेसातला बंद शटरसमोर उभी होते. शेवटी मुख्य रेल्वे स्थानकात दुकान उघडं मिळालं. रेसच्या सकाळी दीड किलोमीटरची जादा चाल, केळ्यासाठी. नळाचं पाणी तिथे पिण्याजोगं असतं, निदान तेवढी तरी चिंता नाही.

शनिवारी संग्रहालयं पाहू नका. पाहायची असतील तर रेसनंतर. दोन दिवसांत पंचवीस हजार पावलं चालून स्टार्टला उभे राहणारे आपले लोक मी पाहिले आहेत. त्यांची चूक नाही, एवढे पैसे घालून आलोय तर बघून घेऊ असं वाटतंच. रात्री भात, पास्ता, बटाटा, जे पोटाला ओळखीचं असेल ते. बिब टीशर्टला लावून कपडे खुर्चीवर मांडून ठेवा.

रविवारची सकाळ

दहाची रेस असेल तर नाश्ता सातला. हॉटेलचा रविवारचा नाश्ता कधी सुरू होतो ते शनिवारी विचारा. साडेसात म्हणाले तर आपले पोहे जिंदाबाद.

नऊच्या आधी तिथे पोचा. ब्रांडेनबुर्ग गेटपासून पश्चिमेला जाणाऱ्या त्या सरळ रस्त्यावर तीस-चाळीस हजार माणसं जमतात. नाव 'श्ट्रासे देस १७. युनी', म्हणजे १७ जूनचा रस्ता, १९५३ च्या पूर्व जर्मनीतल्या उठावाच्या आठवणीत. दोन्ही बाजूंना टिअरगार्टन या मोठ्या बागेची झाडी. फिरत्या शौचालयांपुढे रांग अशी, की तिचं शेपूट दिसत नाही. पुरुष मंडळी झाडांमागे जाऊन मोकळी होतात, आपण उभ्या. पोचल्या पोचल्या रांगेत लागा, गरज वाटो न वाटो. रांग संपेपर्यंत वाटेल.

उभं राहण्याच्या या तासाभरात थंडी खरी लागते. त्यासाठी टाकून द्यायचे कपडे लागतात. घरातला जुना स्वेटर, विटलेला ट्रॅकसूट, डोक्यातून घालायची कचऱ्याची मोठी पिशवीसुद्धा चालते. सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी काढून कडेला ठेवायचं, रस्त्याच्या मधे नाही, मागचा अडखळतो. मी नवऱ्याचं जुनं जर्किन टाकलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

बिबवर गटाचं अक्षर असतं, नोंदणीच्या वेळी दिलेल्या वेळेवरून ठरलेलं. पुढच्या गटात घुसू नका. घड्याळ तुमचं, म्हणजे बिबमधल्या चिपचं, तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यावरच सुरू होतं.

मार्गावर

थंड हवा, सपाट रस्ता आणि दोन्हीकडे ढोल. पहिले पाच किलोमीटर पाय आपोआप पळतात. तिथेच घात होतो. दमट हवेत शिकलेलं शरीर थंडीत सांगतच नाही, की आपण जोरात चाललो आहोत. घामच येत नाही ना. मी पहिले पाच ठरवल्यापेक्षा दर किलोमीटरला वीस सेकंद जोरात पळले आणि शेवटच्या पाचमध्ये व्याजासकट परत केले. पहिले तीन किलोमीटर घड्याळ बघत, मुद्दाम हळू.

विजयस्तंभाला वळसा, मग शार्लोटेनबुर्गचा राजवाडा, मग कुर्फ्युर्स्टेनडाम हा दुकानांचा मोठा रस्ता, मग पोट्सडामर प्लाट्स हा चौक, असा शहराचा फेरा होतो. घाम दिसला नाही तरी पाणी प्या, थंडीत तहान लागत नाही. पाण्याच्या टेबलाजवळ जमिनीवर पेल्यांचा खच असतो, ओल्या प्लॅस्टिकवर पाय सटकतो. पहिल्या टेबलाला सगळे तुटून पडतात, पुढची टेबलं रिकामी असतात. जर्मन रेसमध्ये कधी कधी टेबलावर चहाही असतो. आपल्याला वाटतं तसला नाही. बिनदुधाचा, कोमट.

तुमचं घड्याळ तुमच्या आयोजकांपेक्षा आधी एकवीस दाखवेल. मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या बाजूने, सगळ्यात जवळच्या रेषेने. आपण गर्दीत बाहेरून पळतो, म्हणून शेवटी २१.३ किंवा २१.४ भरतात. वेळ गाठायची असेल तर हा हिशेब आधीच धरा.

आणि ब्रांडेनबुर्ग गेट. उंटर डेन लिंडेन या रस्त्यावरून येताना ते दुरून दिसतं, फोटो काढायला सगळे सज्ज, आणि नवखे तिथे सगळा जोर लावतात. शेवटची रेषा गेटमध्ये नाही, गेटच्या पलीकडे आहे. खांबांमधून गेल्यावरही काहीशे मीटर उरतात. मी खांबांखाली हात वर केले आणि मग ते हात खाली घेऊन पळत राहिले. फोटोत दोन्ही आले आहेत.

रेषेच्या पुढे

थांबू नका, चालत राहा. मेडल, चंदेरी पत्र्यासारखं पांघरूण, केळं, आणि बिनअल्कोहोलची बीअर, जी तिकडे रेसनंतर पाण्यासारखी देतात. अंग पाच मिनिटांत गार पडतं, म्हणून पिशवी जमा केली असेल तर आधी कोरडा टीशर्ट. पिशवीत चप्पल ठेवलेली असेल तर तुम्ही शहाणे. छातीत कळ, चक्कर, बोलताना अडखळणं असं काही वाटलं तर जागेवर बसा आणि हात वर करा. रस्त्यावर असाल तर ११२ हा आणीबाणीचा नंबर लावा. गोळी घेऊन 'बघू' म्हणू नका.

सोबतचं माणूस भेटायची जागा आधी ठरवा, आणि ती ब्रांडेनबुर्ग गेट ठरवू नका, कारण उरलेल्या सगळ्यांनी तीच ठरवलेली असते. फोनचं नेटवर्क त्या गर्दीत टेकीला येतं. आमची जागा होती मुख्य स्थानकातलं तेच केळ्यांचं दुकान.

त्याच संध्याकाळचं परतीचं विमान घेऊ नका. पाय सुजतात, आणि आठ-दहा तास खुर्चीत ते आणखी सुजतात. सोमवारी उशिरापर्यंत झोपा, शहर तेव्हा पाहा. फक्त मेट्रोचा जिना उतरताना कठड्याच्या बाजूने चाला. त्या सोमवारी त्या जिन्यावर आडव्या पायांनी, एकेक पायरी उतरणारी निदान दहा माणसं होती. कुठल्याही देशाची असोत, एकमेकांना बघून हसत होती.